पाच सेकंदांचा घोळ: उद्यमबागेतला प्रॉक्सी आणि गेटवर उभी गाडी

जुलैमधली गोष्ट. बेळगावचा पाऊस म्हणजे सकाळी उघडलेली छत्री रात्रीच मिटायची, त्यात अनगोळवरनं निघालो होतो आणि उद्यमबागेतल्या एका कारखान्यातनं फोन आला. तिथल्या कॉम्प्युटर-नेटचं काम माझ्याकडं असतं. बाहेरनं कास्टिंग घेऊन मशिनिंग करतात, माल बराचसा कोल्हापूरकडं जातो. फोनवर डिस्पॅचचे मामा होते. "अरे सकाळपासनं नुसतं गोल फिरूलालंय बघ, गाडी भरून गेटवर उभी हाय आणि ई-वे बिल निघंना."

आपल्याकडं ही भानगड जरा जास्तच जाणवते. कोल्हापूर म्हटलं तर दोन-अडीच तासांचं गाव, पाहुणे तिकडं, बाजारहाट तिकडं, पण कोगनोळी ओलांडली की राज्य बदललं. आंतरराज्य मालाला १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल (सरकारी पोर्टलवरनं काढायचा, मालाच्या वाहतुकीचा ऑनलाइन कागद) लागतं, पन्नास हजारांच्या वरचा माल असला की ते नसताना गाडी हलवायची कुणाची हिंमत होत नाही. म्हणजे इथं नेट स्लो म्हणजे टाइमपास बंद असं नाही, तर ड्रायव्हर गेटवर चहा पितोय आणि कोल्हापूरजवळच्या शिरोलीचा गिऱ्हाईक फोनवर फोन करतोय. मी पोचलो तेव्हा तो ड्रायव्हर वॉचमनच्या खोलीत बसून एवढंच म्हणाला, "नेट बरवल्दु री." म्हणजे नेट येईना, आणि बिडी पेटवली.

आधी तिथली मांडणी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. चौतीस कॉम्प्युटर. मध्ये एक उबंटूचं (लिनक्सचं) मशीन, त्यावर स्क्विड नावाचा प्रॉक्सी, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं बाहेरनं पानं आणून देणारा मध्यस्थ, पोर्ट नेहमीचा ३१२८. जवळजवळ सगळ्या ब्राउझरमध्ये प्रॉक्सीचा पत्ता हातानं टाकलेला. थेट बाहेर जायला राऊटरवर बंदी, फक्त प्रॉक्सीच्या मशीनला परवानगी. लाईन १०० एमबीपीएस फायबर. स्क्विड तिथं आला तेव्हा सगळ्या ऑफिसला मिळून ४ एमबीपीएसची लाईन होती, तेव्हा एकानं उघडलेलं पान दुसऱ्याला कॅशमधनं मिळायचं आणि खरंच फरक पडायचा. आता जवळजवळ सगळं एचटीटीपीएस झालंय, स्क्विडला आत काय चाललंय ते दिसतच नाही, तो नुसता बोगदा काढून देतो. त्यामुळं कॅश आता शोभेची, उपयोग उरला तो साइट बंद करायला आणि लॉग ठेवायला. ते सर्टिफिकेट मधे घालून एचटीटीपीएस उघडून बघायचं प्रकरण मी तिथं केलेलं नाही, बँकेच्या आणि सरकारी साइटवर त्यानं नसती डोकेदुखी होते.

आता तक्रार. "नेट स्लो आहे" या वाक्याला काही अर्थ नसतो, हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर म्हणत नाही पण मनात म्हणतो. डॉक्टरकडं जाऊन "बरं वाटत नाही" म्हणावं तसं ते. म्हणून प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन दोन दोन मिनिटं नुसता उभा राहिलो, काही न बोलता, ते काय करतात ते बघत. मामांच्या स्क्रीनवर पोर्टल उघडायला वेळ, मग कॅप्चाचं चित्र येईना, ते आलं तोवर मामांनी कंटाळून रिफ्रेश मारलेलं, की परत पहिल्यापासनं. परचेसच्या पोराच्या स्क्रीनवर क्रोमच्या खाली डाव्या कोपऱ्यात प्रॉक्सी टनलची वाट बघतोय अशी इंग्रजी ओळ. अकाउंटच्या मॅडम म्हणाल्या, "सर, एकदा उघडलं की मग बरं चालतं हो, पण थोडं थांबून परत गेलं की परत तसंच." हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. खरं तर अर्धं उत्तर त्यातच होतं.

माझ्या आधी काय काय करून झालं होतं ते पण ऐका. सोमवारी सर्व्हर बंद-चालू केला. लाईनवाल्याला बोलावलं, त्यानं लॅपटॉप सरळ लाईनला लावून स्पीड टेस्ट दाखवली, ९४ की काय आले, आणि "आमच्याकडनं क्लिअर आहे" म्हणून गेला. तो खोटं बोलला नाही, पण त्यानं प्रॉक्सी मधे न घेता तपासलं. मग कुणीतरी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर पोर्टल उघडून दाखवलं, पळालं, म्हणून मालकांचं मत झालं की प्रॉक्सी काढून टाका नाहीतर लाईन २०० ची घ्या. दोन्हीचे कोटेशन टेबलावर. मालक तसे समजूतदार माणूस, पण गाडी गेटवर उभी असली की कुणाचंही डोकं तापतं. मी म्हटलं, सर मला दुपारपर्यंत द्या. आणि तोवर मामांचं काम अडायला नको म्हणून त्यांच्या एका मशीनला राऊटरवर थेट परवानगी दिली, बिल निघालं, पार्ट बीमध्ये (बिलाच्या गाडीची माहिती भरायच्या भागात) गाडी नंबर पडला, गाडी सुटली. आधी गाडी, मग शोध.

सर्व्हरवर बसलो. टॉप लावून बघितलं, सीपीयू झोपलेला, ८ जीबी रॅममधली निम्मी मोकळी, डिस्क शांत. फाईल डिस्क्रिप्टर कमी पडले की स्क्विड हळू होतो आणि कॅश लॉगमध्ये तशी वॉर्निंग टाकतो, ती पण नाही. म्हणजे मशीनवर लोड नाही, ते मोकळं बसलंय आणि तरी लोक थांबलेत. मोकळं बसलेलं मशीन हळू असेल तर ते कुणाची तरी वाट बघत असतं, एवढं वीसेक वर्षांत कळलंय.

मग ॲक्सेस लॉग. इथं मी पंधरा-वीस मिनिटं घालवली ती फुकट गेली, तेही सांगतो कारण बरेच जण इथंच फसतात. स्क्विडच्या लॉगमध्ये दुसरा आकडा असतो तो मिलिसेकंदांचा, त्या विनंतीला किती वेळ लागला तो. मला दिसलं एक लाख ऐंशी हजार, दोन लाख चाळीस हजार, म्हणजे तीन तीन, चार चार मिनिटं! म्हटलं सापडलं. पण त्या सगळ्या ओळी कनेक्टच्या, म्हणजे एचटीटीपीएसच्या बोगद्याच्या. तिथला आकडा म्हणजे बोगदा किती वेळ उघडा राहिला तो, पान यायला लागलेला वेळ नव्हे. कुणी मेल उघडून जेवायला गेलं की तो बोगदा आरामात चार मिनिटं उघडा राहतो. त्या आकड्यांवरनं काहीच ठरवता येत नाही.

म्हणून कनेक्टच्या ओळी बाजूला काढल्या आणि फक्त साध्या एचटीटीपीच्या ठेवल्या. हल्ली त्या फार उरत नाहीत, पण काही असतातच. विंडोज नेट आहे का नाही बघायला एक बारकी विनंती पाठवत असतं, सर्टिफिकेट रद्द झालंय का हे विचारणाऱ्या विनंत्या साध्या पोर्ट ८० वर जातात, एखादं जुनं प्रिंटरचं सॉफ्टवेअर अपडेट विचारतं. उत्तर दीड-दोन केबीचं. त्यांचे आकडे असे: ५०८१, ५११४, ४७, ५०९६, ३८, ५१३०, ५०७७.

हे बघितल्यावर मी खुर्चीत सरळ बसलो. दोन केबीला पाच सेकंद, तेही प्रत्येक वेळी पाच सेकंद आणि थोडं वर, नाहीतर मग एकदम चाळीस-पन्नास मिलिसेकंद, मधलं काही नाहीच. लाईन भरलेली असती तर आकडे कसेही आले असते, एक दोन सेकंदांचा, एक सातचा, एक अकराचा, गणपतीच्या गर्दीत गणपत गल्लीतनं गाडी काढावी तसे. गर्दीला नेम नसतो. नेमका पाचचा आकडा म्हणजे गर्दी नाही, कुठंतरी कुणीतरी घड्याळ लावून बसलंय, पाच मोजतंय आणि मग दुसरं काहीतरी करतंय. आता फक्त ते घड्याळ कुणाचं एवढंच शोधायचं.

खात्रीसाठी परचेसच्या पोराच्या मशीनवरनं कर्ल नावाचं, कमांडवर पान मागवणारं छोटं टूल चालवलं (विंडोज १० मध्ये ते २०१८ पासनं आतच येतं, वेगळं टाकायला लागत नाही). कर्लला सांगितलं की प्रत्येक टप्प्याची वेळ दाखव. प्रॉक्सीशी जोडणी झाली एका मिलिसेकंदात. टीएलएसचा हँडशेक, म्हणजे सुरक्षित जोडणीची बोलणी, पूर्ण झाला ५.१४ सेकंदांना. पहिला बाइट ५.३८ ला. लगेच वरचा बाण दाबून तीच कमांड परत मारली तर हँडशेक ०.१३. इथं एक गंमत असते, प्रॉक्सीतनं जाताना कर्ल नाव शोधायला (डीएनएस, म्हणजे नावावरनं आकडी पत्ता विचारून घेणं) लागलेला जो वेळ दाखवतो तो प्रॉक्सीच्या नावाचा, साइटच्या नावाचा नाही. साइटचं नाव शोधायचं काम ब्राउझर किंवा कर्ल करतच नाही, ते प्रॉक्सी करतो. म्हणून टेबलावरच्या कॉम्प्युटरवर डीएनएस कितीही तपासला तरी सगळं क्लिअरच दिसणार. तो पोरगा मला म्हणत होता, "सर, मी डीएनएस बघितला की, नीट हाय." बरोबर होतं त्याचं. त्यानं स्वतःचा बघितला होता, स्क्विडचा नाही.

मग सर्व्हरवरनंच, प्रॉक्सी न लावता, तेच कर्ल. नाव शोधायला ०.०२, सगळं मिळून पाव सेकंद. म्हणजे त्याच मशीनवर, त्याच लाईनवर, स्क्विड सोडून बाकी सगळं पळतंय. आणि स्क्विडमधनं पहिल्यांदा गेलं की पाच, दुसऱ्यांदा गेलं की काही नाही. मॅडमचं सकाळचं वाक्य आता आठवलं.

स्क्विड स्वतःचा आरसा स्वतः जवळ ठेवतो, लोक बघत नाहीत एवढंच. स्क्विडक्लायंट या त्याच्याच कमांडनं मॅनेजरची इन्फो मागितली, त्यात मधल्या भागात मेडियन सर्व्हिस टाइम (लागलेल्या वेळांमधला मधला आकडा) येतात, सगळ्या विनंत्यांचा, मिसचा, हिटचा आणि खाली डीएनएस लुकअपचा. तो शेवटचा आकडा निरोगी ठिकाणी ०.०२, ०.०३ असा असतो. इथं ५.०६. पुढं आयडीएनएस नावाचा अहवाल मागितला, त्यात नेमसर्व्हरचा (डीएनएस सर्व्हरचा) छोटा तक्ता येतो, पत्ता, किती प्रश्न पाठवले, किती उत्तरं आली. दोन ओळी होत्या. पहिल्या पत्त्याला साधारण एकोणतीस हजार प्रश्न आणि उत्तरं शून्य. दुसऱ्या, म्हणजे गूगलच्या ८.८.८.८ ला, जवळजवळ तेवढेच प्रश्न आणि तेवढीच उत्तरं. सोमवारी सर्व्हर बंद-चालू केल्यामुळं मोजणी कोरी सुरू झाली होती म्हणून तो शून्य इतका स्वच्छ दिसला, त्या एका कामाचा उपयोग झाला म्हणायचा.

तरी डोळ्यानं बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून पोर्ट ५३ वर, म्हणजे डीएनएसच्या वाटेवर, टीसीपीडंप (जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारं टूल) लावलं आणि पोराला म्हटलं कुठलीतरी कधी न उघडलेली साइट उघड. स्क्रीनवर प्रश्न गेला पहिल्या पत्त्याला. मग काही नाही. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि तोच प्रश्न ८.८.८.८ ला, आणि डोळा मिटायच्या आत उत्तर. पोरगा शेजारी उभा होता, तो म्हणाला, "सर, ह्यो पयला मेलाय की हो."

मेला होता खरा. स्क्विड प्रत्येक नव्या नावासाठी यादीतल्या पहिल्या सर्व्हरपासनं सुरुवात करतो, त्यानं उत्तर दिलं नाही की ठराविक वेळ थांबून पुढच्याला विचारतो, आणि ती थांबायची वेळ मुळातच ५ सेकंद ठरलेली असते. मागच्या वेळी हा बोलला नव्हता हे लक्षात ठेवून त्याला वगळत नाही, दर वेळी नव्या उमेदीनं त्याच्याच दारात जाऊन उभा राहतो. एकदा उत्तर मिळालं की ते स्वतःच्या आयपी कॅशमध्ये ठेवतो, म्हणून लगेच परत उघडलं की पळतं. पण मोठ्या साइटच्या बऱ्याच नावांच्या उत्तरांचं आयुष्य मिनिट-दोन मिनिटांचंच असतं, ते संपलं की परत पाच सेकंद. शिवाय एक पान म्हणजे एक नाव नव्हे, फॉन्ट एकीकडनं, स्क्रिप्ट दुसरीकडनं, चित्र तिसरीकडनं, आणि यातलं बरंचसं एक आल्याशिवाय दुसरं मागवलं जात नाही. पाच आणि पाच आणि पाच. मामांचा कॅप्चा असा अडकत होता.

तो पहिला सर्व्हर थेट "देत नाही" म्हणाला असता तर बरं झालं असतं, साइट उघडल्याच नसत्या, पहिल्याच दिवशी बोंब झाली असती आणि तासात सापडलं असतं. हा नुसता गप्प बसला. पूर्ण बंद पडलेलं नेट मला आवडतं, अर्धवट चालणारं नेट महिनाभर छळतं.

आता प्रश्न असा की तो मेलेला पत्ता तिथं आला कुठनं, कारण सर्व्हरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये तर सगळं नवं आणि बरोबर होतं, म्हणून तर साधं कर्ल पळत होतं. स्क्विडची कॉन्फिग फाईल उघडली. त्यात नेमसर्व्हरची वेगळी ओळ, पहिला पत्ता जुन्या लाईनवाल्याच्या डीएनएसचा, दुसरा ८.८.८.८. ही ओळ असली की स्क्विड मशीनच्या सेटिंगकडं बघतच नाही. आणि ओळीच्या वर कॉमेंट, तारीख २०१९ ची, खाली इनिशियल.

माझी.

आठवलं मग. तेव्हा राऊटर दर वेळी मशीनचा डीएनएस बदलून टाकायचा, वैताग यायचा, म्हणून मी तो स्क्विडमध्ये खिळा ठोकल्यासारखा पक्का करून टाकला होता. तेव्हा बरोबरच होतं ते. नंतर विसरलो. कॉमेंटमध्ये "तात्पुरतं" असं लिहिलंय हे विशेष.

पण नवी फायबर तर एप्रिलमध्ये आली होती आणि तक्रार जुलैपासनं. मधले तीन महिने कसं चाललं? सगळ्यांना विचारलं की जुलैच्या आसपास काय बदललं, सगळे म्हणाले काही नाही. असंच म्हणतात. मग अकाउंटच्या मॅडम म्हणाल्या, "आम्ही काय केलं नाही हो सर, जुन्या लाईनचं बिल फक्त बंद केलं, जून अखेरला." टॅलीत लेजर उघडून दाखवलं, शेवटचं पेमेंट जूनचं. झालं. जुनी लाईन तीन महिने बॅकअप म्हणून दोन लाईनच्या राऊटरला लावलेली होती, आणि राऊटर बसवणाऱ्यानं त्या जुन्या डीएनएसकडं जायचा रस्ता जुन्या लाईनवरनंच ठेवला होता. ती लाईन चालू होती तोवर उत्तरं येत होती. बऱ्याच लाईनवाल्यांचे डीएनएस फक्त स्वतःच्या गिऱ्हाइकाला उत्तर देतात, बाहेरच्याचा प्रश्न सरळ टाकून देतात, त्यामुळं लाईन तुटल्यावर प्रश्न फायबरवरनं गेला असता तरी उपयोग नव्हता. कारखान्यात एकाही कॉम्प्युटरला कुणी हात लावला नव्हता. हात लागला होता तो बिलाला.

दुरुस्तीला दोन मिनिटं लागली. थांबायची वेळ पाचवरनं एक सेकंद करायचा पण मार्ग होता, काही जण तेच करतात आणि लोक खूष पण होतात, पण मेलेला दारात ठेवून नुसतं पाहुण्यांना लवकर आत बोलावण्यातला प्रकार तो. मी जुना पत्ता काढला. त्या जागी नव्या लाईनवाल्याचा टाकायचा मोह झाला, पण मग पुढच्या वेळी लाईन बदलली की परत हेच. म्हणून कुठल्याही लाईनवर चालतील असे क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ आणि गूगलचा ८.८.८.८ ठेवले, स्क्विडकडनं कॉन्फिग आधी तपासून घेतली आणि मग रिकॉन्फिगर दिलं. पाच मिनिटांनी डीएनएसचा मेडियन ०.०३. टीसीपीडंपमध्ये प्रश्न-उत्तर, प्रश्न-उत्तर, जुगलबंदी. मामांना म्हटलं आता प्रॉक्सीतनंच उघडून बघा. उघडलं, कॅप्चा आला, आणि मामा माझ्याकडं न बघता म्हणाले, "एवढंच होतं व्हय?"

दोन मशीन तरी पण हळूच होते, मालकांचं आणि त्यांच्या मुलाचं. त्यांना प्रॉक्सी हातानं न टाकता पॅक फाईलमधनं (कुठल्या साइटला प्रॉक्सी वापरायचा ते ब्राउझरला सांगणारी फाईल) दिला होता, कारण ते लॅपटॉप घरी नेतात. त्या फाईलमध्ये आधी साइटचं नाव शोधून ती आतल्या नेटवर्कमधली आहे का बघायचा नियम होता, म्हणजे या दोघांचे ब्राउझर मात्र स्वतः डीएनएस विचारत होते, आणि त्यांच्या ऑफिसच्या वायफायच्या सेटिंगमध्ये तोच जुना पत्ता हातानं टाकलेला. तो कुणी टाकला होता हे मी विचारलं नाही. पत्ता काढला, आणि पॅक फाईलमधला नियम नाव न शोधता नुसत्या नावावरनं ठरवेल असा केला.

मधल्या सुट्टीत अजून थोडं हळू होतं म्हणतात, ते मी तसंच सोडलंय. एका प्रॉक्सीकडं क्रोम एका वेळी ३२ च जोडण्या उघडतो, पंचवीस टॅब आणि त्यात दोन व्हिडिओ लावून बसलं की रांग लागणारच, त्याला माझ्याकडं औषध नाही.

लाईन १०० चीच राहिली. जुन्या लाईनचा रस्ता राऊटरमधनं काढला. स्क्विडच्या मशीनवर एक छोटी स्क्रिप्ट रोज रात्री तो आयडीएनएसचा तक्ता बघते आणि कुठल्या सर्व्हरची उत्तरं प्रश्नांच्या निम्म्याच्या खाली गेली तर मला मेल टाकते. कॉमेंट नवी लिहिली, या वेळी कारणासकट. त्या दिवसाचा व्हिजिट चार्ज मी लावला नाही, ओळ माझीच होती, मालकांना तसं सांगितलं पण, ते हसले आणि पुढच्या वर्षाचं एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) मात्र दोन हजारांनी कमी करून घेतलं. आणि मॅडमनी फाइलींच्या कपाटाच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवलंय, फोनचं किंवा नेटचं कुठलंही बिल बंद करायच्या आधी नेटवाल्यांना फोन, खाली माझा नंबर.